फ्रेंचच्या तासाला मराठी

दादरच्या एका शाळेत मी आठवी ते दहावीच्या मुलांना फ्रेंच शिकवते. जूनमध्ये विषय निवडताना बहुतेक पालक एवढेच विचारतात, की फ्रेंच 'स्कोरिंग' आहे ना? गुणांच्या आशेने मूल वर्गात येऊन बसते खरे, पण दहावीचा निकाल लागला की त्याची फ्रेंचची वही रद्दीत जाते, आणि याचे मला दरवर्षी वाईट वाटते. मराठी घरातल्या मुलाला फ्रेंचची गोडी लावायची असेल, तर ती मराठीतून लावावी, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

आमचे पुस्तक सगळे नियम इंग्रजीतून समजावते. इंग्रजीत लहानथोर सगळ्यांनाच 'यू' असल्यामुळे 'त्यु' (तू) आणि 'वू' (तुम्ही) यांतला फरक सांगण्यात त्याचे पान खर्ची पडते. गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मी ते पुस्तक मिटले आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारले, "घरी आजोबांना तू म्हणतेस की तुम्ही?"

"आजोबांना तुम्ही, टीचर. पण आजीला तू."

"आमच्याकडे बाबांनाही अरे-तुरेच," मागून कुणीतरी म्हणाले, आणि वर्गात एकच गलका झाला. फ्रेंच घरांत आज बहुधा आजी-आजोबा दोघांनाही 'त्यु' म्हणतात, मात्र पाव घ्यायला गेल्यावर अनोळखी दुकानदाराला 'वू'च म्हणावे लागते, हे सांगितल्यावर मुले विचारात पडली. आपण भाजीवालीला सर्रास 'तू' म्हणतो, हे त्यांच्यातल्याच एकाने बोलून दाखवले.

लिंगांचेही तसेच आहे. मोठा आणि मोठी यांसाठी 'ग्रां' आणि 'ग्रांद' अशी दोन रूपे का लागतात, हे मराठी मुलाला समजावून सांगावेच लागत नाही. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही, त्यामुळे आपले 'ते घर' तिथे स्त्रीलिंगी होते आणि 'ते पुस्तक' पुल्लिंगी. खुर्ची दोन्हीकडे 'ती'च, पण चंद्र आणि समुद्रही तिकडे 'ती' आहेत, हे ऐकून मुले चकित होतात. ऐंशीला फ्रेंच माणूस 'चार विसा' म्हणतो आणि नव्व्याण्णवला 'चार विसा एकोणीस', हे कळल्यावर एका मुलाने सांगितले, की त्याची गावची पणजी विसांवरच नारळ मोजायची. त्या दिवसापासून त्या वर्गात सत्तरच्या पुढचे आकडे कुणी चुकवले नाहीत.

मुंबईचा धागाही मी आवर्जून दाखवते. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे ७ जुलै १८९६ रोजी इथेच, वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. जे. आर. डी. टाटा यांचा जन्म १९०४ साली पॅरिसमध्ये झाला, त्यांची आई फ्रेंच होती आणि त्यांची पहिली भाषाही फ्रेंचच होती.

सहामाहीत आजोबांना पत्र लिहायचा प्रश्न होता. पहिल्या बाकावरच्या त्या मुलीने पत्रात सर्वत्र 'वू' वापरले होते. पुस्तकाप्रमाणे तिथे 'त्यु' हवे होते. पेपर परत देताना मी तिला कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या आजोबांना लिहिलंय, टीचर." मी तिचे गुण कापले नव्हते.