दाढीचा ब्रश कुठला घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

खुर्चीत बसलेला माणूस आरशातूनच विचारतो, "आता घरी करायची म्हणतोय. ब्रश कुठला घेऊ? स्वस्तातला सांगा." मी सांगतो, बारीक तारेचा नायलॉनचा घ्या, पाचशेच्या आतला, आणि एक नको, दोन घ्या. त्याचा चेहरा उतरतो. "पण बॅजर नावाच्या जनावराच्या केसांचा चांगला म्हणतात ना?" मागच्या बाकावरून कुणीतरी बोलतं, गिऱ्हाईक तुटेल म्हणून हा मुद्दाम प्लास्टिक गळ्यात मारतोय. हे मला लागतं. म्हणून एकदा नीट लिहितो.

मला जनावराच्या केसांचं वावडं नाही. मी हात बसवला तोच डुकराच्या केसांच्या ब्रशावर. नवा असताना तो टोचतो, ओला झाला की वास मारतो. कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवल्याशिवाय वळत नाही. पण महिना-दोन महिने रोज वापरलात की केसांची टोकं फाटतात, एकेकाचे दोन-तीन फाटे होतात, आणि मग गालावर मऊ लागतो. बुडाचा ताठपणा मात्र तसाच राहतो. खरखरीत दाढीचे केस उभे करायला तसा ब्रश नाही. वडील म्हणायचे, ब्रश मुरावा लागतो. ते खरं आहे. आजही मी ते खोडून काढू शकत नाही.

पण तो ब्रश पाणी पितो. केस आतून ओला होतो आणि सावकाश सुकतो. आमच्या दुकानात तेव्हा दोनच ब्रश होते, दिवसभर तेच फिरायचे. रविवारी तर सुकायला सवडच नसायची.

एका पोराचं लग्न ठरलं होतं. लहानपणापासून आमच्याकडे यायचा, त्याची पहिली मिसरूड माझ्याच हातची. एका सकाळी तो, त्याचा चुलता आणि भावकीतले दोघं दुकानात शिरले. पोराच्या हनुवटीखाली, पार गळ्यापर्यंत, पुवाच्या पुटकुळ्या. चुलत्याने फळीवरचा ब्रश उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"ह्यो कुणाकुणाच्या तोंडाला लावलायस?"

मी म्हणालो, "काका, ब्लेड दर गिऱ्हाइकाला नवं लावतो. टॉवेल धुतलेला असतो."

"ब्लेडचं न्हाई इचारलं. ब्रशाचं इचारलंय. आठ दिसांवर हळद आलीया पोराची."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खुर्चीत फेस लावलेलं गिऱ्हाईक तसंच बसून ऐकत होतं. पोरगा आपला "नाना, जाऊ द्या, नाना, जाऊ द्या" करत होता. चुलत्याने ब्रश दारासमोरच्या गटारात फेकला. वडील आतून बाहेर आले, कुणाशी एक शब्द बोलले नाहीत, खाली बसून गटारात हात घातला, ब्रश काढला आणि नळाखाली धरला. खुर्चीतल्या माणसाने स्वतःच टॉवेल घेऊन तोंड पुसलं आणि अर्धी दाढी ठेवून निघून गेला.

संध्याकाळी मी आमच्या एका गिऱ्हाइकाकडे गेलो, ते त्वचेचे डॉक्टर. ते म्हणाले, केसांच्या मुळाशी जंतू गेले की असं होतं. ते जंतू ब्रशातून येतात, टॉवेलातून येतात, पुष्कळदा माणसाच्या स्वतःच्या नाकातच असतात. उलट्या हाताने खरडून दाढी केली की त्यांना वाट मिळते. "तुझ्या ब्रशाने झालं असं मी म्हणणार नाही. नाही झालं, असंही लिहून देणार नाही." त्यांनीच सांगितलं की पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅजरचे केस मिळेनात, तेव्हा घोड्याचे केस नीट निर्जंतुक न करता ब्रशात भरले गेले आणि इंग्लंड-अमेरिकेत दाढीच्या ब्रशावरून लोकांना अँथ्रॅक्स झाला, म्हणजे आपल्याकडे जनावरांना होतो तो फाशी रोग. माणसं मेली. 1920 मध्ये ब्रिटनने जपानहून येणारे ब्रश बंदच केले. आज विकत मिळणाऱ्या ब्रशाला ती भीती नाही. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

तो पोरगा परत आला नाही. लग्नाचा फोटो पाहिला, दाढी राखून उभा होता.

त्यानंतर मी नायलॉनवर आलो. त्याची तार पाणी पीत नाही, ते तारांच्या मध्ये धरलं जातं. झटकून टांगला की काही तासांत कोरडा. साबणाने खसखसून धुता येतो. आणि स्वस्त असल्यामुळे मला डझनाने ठेवता आले: वापरलेला एकीकडे, धुऊन सुकलेला दुसरीकडे. डुकराचा केस म्हणून मुसलमान गिऱ्हाईक, माळकरी, जैन मंडळी आधी मनात अवघडायची. तो प्रश्नही मिटला. वडील मात्र म्हणायचे, एकाच्या रागापायी तू हातातलं कसब टाकलंस. मीही कधीकधी स्वतःला तेच विचारतो. जुना मी म्हणतो, ब्रश रोज धुऊन सुकवला असता तर डुकराचाही चालला असता. चाललाही असता. पण रविवारी दुपारी दुकान भरलेलं असताना तो सुकवणार कोण?

तुम्ही म्हणाल, आम्ही तर घरी एकटेच वापरणार. मान्य. मग डुकराचा घ्या, मुरवा, मी अडवत नाही. पण तुमच्या न्हाणीघरात ऊन येतं का, वारा येतो का, ते आधी बघा. पावसाळ्यात तो सकाळपर्यंत सुकणार नाही, म्हणून तर कुठलाही घ्या, दोन घ्या म्हणतो. बॅजरचं म्हणाल, तर प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप ही नावं सगळ्यांना बांधील अशा एका मापाची नाहीत. एकाचा बेस्ट दुसऱ्याच्या प्युअरसारखा निघतो. स्वस्तातला ब्रश शोधणाऱ्याने त्यात पैसे का घालावेत?

नायलॉन घेताना एवढं करा. टोकं हाताच्या मागच्या बाजूवर दाबून फिरवा. टोचली तर तार जाड आहे आणि टोकं सपाट कापलेली आहेत, परत ठेवा. चांगल्या ब्रशाची तार बारीक आणि टोकाला निमुळती असते. झुबका बुडाशी 22 ते 24 मिलिमीटर पुरे. पाणी झटकून मगच साबणावर फिरवा, नाहीतर फेस पातळ होऊन मनगटावरून ओघळेल. उकळतं पाणी कधीही नको, बुडाचा गोंद सुटतो आणि केस गळायला लागतात.

आणि घरी बोअरचं जड पाणी असेल तर कुठल्याच ब्रशाने फेस नीट टिकत नाही. क्षारांमुळे साबणाचा नुसता चोथा होतो. नवा ब्रश घेण्याआधी एकदा आरओच्या वाटीभर पाण्यात फेस करून बघा.