तळं उलटलं त्या रात्री

होडीत पाय ठेवला तेव्हा माझ्याकडे दोन काठ्या, आमिषांचा डबा आणि पाच दिवसांची रजा होती. मामांच्या हातात नुसतं वायरचं भेंडोळं. वायरच्या एका टोकाला थर्मामीटरचा सेन्सर, दुसऱ्या टोकाला छोटा पडदा आणि मध्ये दर मीटरला लाल चिकटपट्टी. "गळ नंतर. आधी पाण्याची नाडी बघू," म्हणाले.

ऑक्टोबरचा मध्य होता. उत्तरेकडच्या थंड मुलखातलं तळं, सगळ्यात खोल जागी १६ मीटर. काठावरचे बर्च पिवळे पडलेले. रात्रभर गाडी चालवून आलो होतो, त्यामुळे गळ कधी एकदा पाण्यात पडतो असं मला झालं होतं. मामा मात्र पट्ट्या मोजत सावकाश वायर सोडत होते. वर १२ अंश. पाच मीटरवरही १२. दहावर साडेअकरा. बाराव्या मीटरला आकडा एकदम ८ वर उतरला.

"अजून उलटलं नाही," मामा म्हणाले. "पण आजउद्याकडे उलटेल."

पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंशांच्या आसपास. त्यामुळे उन्हाळ्यात तापलेलं हलकं पाणी वर तरंगतं, गार जड पाणी खाली बसतं आणि दोघांच्या मध्ये एक पातळ थर तयार होतो. तिथं मीटरभरात तापमान कोसळतं. तो थर म्हणजे जणू दार लावून घेतलेलं असतं. वरचा वारा खाली पोचत नाही, खालचा गाळ कुजत राहतो आणि तिथला प्राणवायू संपत जातो. थंडी पडली की मासे ऊब शोधत खोल जातात, असं मी तोवर धरून चाललो होतो. इथं उलटंच. उन्हाळाभर खोलवर जायची सोयच नव्हती, कारण तिथं श्वास घेता येत नव्हता. आता वरचं पाणी गार होऊन जड होत होतं आणि दार ढकलत होतं. ते दार उघडून वरचं-खालचं पाणी मिसळलं, की तळं उलटलं म्हणायचं.

पहिल्या दिवशी मासे मिळाले, अगदी शहाण्यासारखे वागले. पाणवनस्पतींच्या कडेला, तीन मीटरवर, गांडुळाला पर्च लागत होते. हिरव्या अंगावर काळे पट्टे, खालचे पर शेंदरी. संध्याकाळी मी खुशीत होतो. मामा आकाशाकडे बघत होते.

रात्री वारा सुटला. सकाळी काठावर आलो तर कुजक्या अंड्यांचा वास. पाणी चहासारखं गढूळ, वर फेसाची रेघ, त्यात तपकिरी चिंध्या. खालचा कोंडलेला वायू आणि गाळ वर आला होता. मामांनी पांढऱ्या रंगाने रंगवलेलं एक ताट दोरीने पाण्यात सोडलं. आदल्या दिवशी ते चार मीटरपर्यंत दिसत होतं, आता दीड मीटरलाच गडप. (ही युक्ती आंजेलो सेक्की या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाची, १८६५ मधली. आकाश बघणाऱ्या माणसाला पाण्यात ताट सोडावंसं वाटलं, याची मला फार गंमत वाटते.) मग वायर. वर साडेदहा, तळाशीही साडेदहा. तळं ढवळून एकजीव झालं होतं.

तो दिवस आणि त्यानंतरचा दिवस आम्हाला मासा शिवला नाही. खरंच नाही. मी आमिष बदललं, जागा बदलली, खोली बदलली, शेवटी स्वतःशीच भांडलो. मामा वल्ह्यावर हनुवटी टेकून बसले होते. आदल्या दिवसापर्यंत माशांना ठराविक थरातच राहावं लागत होतं, म्हणून आम्हालाही कुठं बघायचं ते ठाऊक होतं. आता सगळं तळं त्यांना मोकळं झालं होतं. त्यातून तळाचं प्राणवायू नसलेलं पाणी वर मिसळल्याने ते काही दिवस बावरतात, खाणं सोडतात.

त्या रिकाम्या दुपारी आम्ही तळ्याला मिळणाऱ्या ओढ्याच्या काठाने वर चालत गेलो. गळ होडीतच ठेवले, कारण तपकिरी ट्राउटचे अंडी घालायचे दिवस होते. गुडघाभर पाण्यात एक मादी आडवी होऊन शेपटीने खडी उडवत होती. खड्डा झाला की त्यात अंडी घालायची आणि वरच्या अंगाची खडी उकरून ती झाकायची. ५ अंशांच्या पाण्यात ती फुटायला साधारण तीन महिने लागतात. तोवर खडीतून वाहतं पाणी हाच त्यांचा श्वास. मी नीट दिसावं म्हणून पाण्यात उतरायला लागलो, तर मामांनी दंड धरून मागे ओढलं. "एका पावलाखाली किती चिरडशील?"

चौथ्या दिवशी वारा पडला, ऊन आलं. ताट तीन मीटरपर्यंत दिसायला लागलं. मला पहाटेच निघायचं होतं, मामा साडेदहापर्यंत उठलेच नाहीत. त्यांचं खरं होतं. उन्हाळ्यातली पहाट आता कामाची नाही. उथळ, वाऱ्याआडच्या खाडीत दुपारच्या उन्हाने पाणी एखाद अंशाने वाढतं आणि तेवढ्यावर लहान मासे तिथं गोळा होतात. शिवाय बाकीच्या पाणवनस्पती कुजून आडव्या पडल्यावर लपायला जागा उरत नाही. जिथं हिरवा पट्टा शिल्लक, तिथं सगळ्यांची गर्दी. आणि गर्दीच्या कडेला पाइक, हा लहान माशांवर जगणारा शिकारी मासा.

पण इथं माझे हात आडवे आले. माशाचं अंग पाण्याइतकंच गार. पाणी १० अंशांनी उतरलं की त्याच्या शरीराचा कारभार निम्म्यावर, कधी तिसऱ्या हिश्श्यावर येतो. खाल्लेलं पचायला दिवस लागतात, मग तो आमिषामागे धावेल कशाला? प्राणवायूची मात्र चंगळ असते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम मावतो, तर १० अंशांच्या पाण्यात ११ च्या वर. थोडक्यात, श्वास भरपूर, घाई नाही. आणि मी उन्हाळ्याच्या सवयीने रीळ गरागरा फिरवत होतो. फ्लोट, म्हणजे दोरीला बांधलेलं तरंगणं, बुडायची वाट बघत होतो, तर तो बुडायचाच नाही, नुसता शहारायचा. तेवढ्यात मासा गांडूळ चघळून थुंकून मोकळा. मामा त्या शहाऱ्यावरच दोरी ताणायचे.

दुपारनंतर होडीतल्या मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर ११ मीटरवर पर्चचा मोठा थवा दिसला. दार उघडल्यावर खाली गेलेले हेच असणार. मी वजन लावायला घेतलं, मामांनी नको म्हटलं. पर्चच्या हवेच्या पिशवीतून घशाकडे वाट नसते. ट्राउटला असते, कार्पला असते, पाइकलाही असते, ते हवा तोंडावाटे सोडतात. पर्चला खोलातून भरकन वर आणलं की पिशवी फुगते आणि परत सोडलेला मासा तळाकडे जाऊच शकत नाही. आम्ही सगळे मासे सोडणार होतो, म्हणजे तो थवा आमचा नव्हता.

रात्री धक्क्यावरून गळ तळाला टाकून बसलो. एकच बरबॉट आला, हनुवटीला एक मिशी, अंगावर संगमरवरी नक्षी. कॉडच्या कुळातला हा गोड्या पाण्यातला भाऊबंद. बाकीचे मंदावतात तेव्हा याचा जीव जागा होतो. तो भर हिवाळ्यात, बर्फाखाली अंडी घालतो. थंडीत सगळेच मासे सुस्त, हे मी संध्याकाळीच मामांना ठासून सांगितलं होतं. ते काही बोलले नाहीत, फक्त टॉर्च धरून हसले.

शेवटच्या दिवशी वर ९.८, तळाशी ९.८. मी हिरव्या पट्ट्याच्या कडेने चमचा, म्हणजे धातूचं खोटं आमिष, ओढत होतो, रीळ इतकं हळू की हँडल फिरतंय का थांबलंय कळू नये. होडीपासून दोन मीटरवर चमच्यामागे एक लांब सावली दिसली. पाइक, हातभराहून मोठी. वसंतात बर्फ वितळलं की या अंडी घालतात, ती अंडी पोटात आतापासूनच वाढत असतात, म्हणून थंडीतही खाणं सोडून चालत नाही. ती चमच्याच्या वेगाने येत होती, जराही जास्त नाही.

दोरी संपली. आता चमचा उचलावा की तसाच ठेवावा? मी हात थांबवला. तीही थांबली. कल्ले उघडत होते, मिटत होते. मामांनी वल्हं पाण्याबाहेर धरून ठेवलं होतं आणि त्यावरून थेंब पडत होते. मी बारा थेंब मोजले. मग ती तोंड न वळवता, होती तशीच, उभ्या उभ्या खाली उतरत गेली.