ध्रुवीय प्रकाशाच्या सात रात्री आणि लेन्सवरची एक चपटी काच

ध्रुवीय प्रकाश टिपायला निघालेल्या प्रत्येकाला मला सर्वांत आधी एकच गोष्ट सांगायची आहे: लेन्सच्या तोंडावर यूव्ही किंवा संरक्षक फिल्टर असेल तर तो निघण्यापूर्वीच काढून ठेवा, आणि तिथे कोणी कितीही आग्रह केला तरी पुन्हा लावू नका. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, अमावास्या साधून, मी आणि माझा भाऊ सात रात्रींसाठी उत्तर नॉर्वेत आणि तिथून सीमेपलीकडे फिनलंडमध्ये गेलो होतो. त्यांपैकी एका रात्री आकाशाने चाळीस मिनिटे जे दाखवले ते आयुष्यात पुन्हा दिसेलच असे नाही, आणि त्या चाळीस मिनिटांतली माझी १८६ छायाचित्रे त्या एका चपट्या काचेपायी वाया गेली.

माझ्याकडे स्वतःची १४ मिमी एफ/२.८ लेन्स होती (मिमीचा आकडा जितका लहान तितके दृश्य रुंद, एफचा आकडा जितका लहान तितका आत येणारा प्रकाश जास्त). तिच्या जोडीला २४ मिमी एफ/१.४ हवी होती, पण सात रात्रींसाठी ती विकत घेणे परवडण्यासारखे नव्हते, म्हणून ट्रोम्सोला उतरल्यावर एका दुकानातून ती भाड्याने घेतली. भाडे आधीच ठरले होते. मात्र लेन्स हातात पडायच्या वेळी असे सांगण्यात आले की पुढच्या काचेवर फिल्टर लावल्याशिवाय ती बाहेर जाणार नाही, फिल्टर भाड्याने मिळत नाही, तो ४५० क्रोनरला विकतच घ्यावा लागेल, आणि फिल्टर नसताना काचेवर ओरखडा आला तर अनामत परत मिळणार नाही. रात्रीच्या छायाचित्रांवर त्याचा काही परिणाम होतो का, असे मी स्पष्ट विचारले आणि ‘अजिबात नाही’ असे तितकेच स्पष्ट उत्तर मिळाले. हिवाळाभर याच प्रकाशासाठी येणाऱ्यांना सामान देणाऱ्या माणसाला हे ठाऊक असणारच, असे मी धरून चालले.

पहिल्या दोन रात्री ट्रोम्सोत ढगांखाली गेल्या. इथे नव्याने जाणाऱ्यांची एक गैरसमजूत दूर करणे आवश्यक आहे. सगळेजण केपी निर्देशांकाच्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ ० ते ९ मध्ये सांगणाऱ्या आकड्याच्या, मागे लागलेले असतात. तो आकडा तीन तासांच्या कालखंडासाठी आणि सबंध पृथ्वीसाठी काढलेला असतो, आणि ट्रोम्सो ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याखालीच असल्यामुळे तिथे केपी एक किंवा दोन असतानाही प्रकाश दिसू शकतो. तिथला खरा शत्रू ढग आहे. म्हणून पैसे घेऊन सूचना पाठवणाऱ्या ॲपच्या नादी न लागता नॉर्वेच्या हवामान खात्याचा ढगांचा अंदाज पाहावा आणि जिथे आकाश मोकळे असेल तिकडे गाडी हाकावी. अंधार पडल्यावर बघायचेच असेल तर सौरवाऱ्याच्या, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताच्या, चुंबकीय क्षेत्राचा बीझेड हा उत्तर-दक्षिण घटक पाहा. तो ऋण होऊन काही काळ तसाच राहिला की बाहेर पडण्याची तयारी ठेवावी. ही मोजमापे करणारी अंतराळयाने पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर असतात आणि सौरवाऱ्याला ते अंतर कापायला साधारण तासभर लागतो. कपडे चढवायला तेवढा वेळ पुरतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही ट्रोम्सो सोडून शीबोत्नला गेलो. हे गाव ल्युंगेन फियोर्डच्या काठी आहे आणि पश्चिमेकडची ल्युंगेनची डोंगररांग समुद्रावरून येणारे ढग बरेचसे अडवते, त्यामुळे ट्रोम्सोत पाऊस किंवा हिमवर्षाव चालू असताना इथे चांदणे पडलेले असू शकते. ट्रोम्सोपासून गाडीने सुमारे दोन तास लागतात. ढगाळ रात्री ट्रोम्सोतच थांबून राहण्याला काहीही अर्थ नाही, हे माझे ठाम मत झाले आहे.

त्या रात्री साडेनऊच्या सुमारास उत्तरेकडे एक फिकट, करडा वाटणारा पट्टा उठला. डोळ्यांना तो ढगच वाटत होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र हिरवा दिसला. पाऊण तासाने तो पट्टा पूर्वेकडून भडकला, त्याला उभ्या चुण्या पडल्या, त्या चुण्यांच्या खालच्या काठाला गुलाबी किनार आली आणि ती किनार क्षितिजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अशी धावत गेली की मान वळवेपर्यंत ती डोक्यावर पोहोचलेली होती. मग डोक्यावरून किंचित दक्षिणेला सगळ्या रेषा एका बिंदूत मिळाल्या. यालाच कोरोना म्हणतात, आणि तो नेमका तिथेच दिसतो, कारण हे किरण पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना धरून खाली येतात. मी २४ मिमी लेन्स लावून दोन-दोन सेकंदांची छायाचित्रे घेत राहिले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती अप्रतिम दिसत होती.

सकाळी लॅपटॉपवर पहिले छायाचित्र मोठे करून पाहिले आणि पोटात गोळा आला. बरोबर मध्यभागी, ध्रुवीय प्रकाशाच्या हिरव्या पडद्यावर, पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या तरंगांसारखी एकात एक गडद-फिकट वर्तुळे उमटलेली होती. दुसऱ्या छायाचित्रात तीच, दहाव्यातही तीच. प्रकाश जितका तेजस्वी, तितकी वर्तुळे ठळक, त्यामुळे सर्वांत सुंदर छायाचित्रे सर्वांत जास्त बिघडली होती. संगणकावर ती पुसण्याचा प्रयत्न केला, परंतु वर्तुळे पडद्याच्या चुण्यांमध्ये इतकी मिसळलेली असतात की ती काढताना चुण्याही जातात.

कारण शाळेतल्या भौतिकशास्त्रातले आहे. ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा रंग साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनच्या अणूंपासून येतो आणि त्याची तरंगलांबी जवळजवळ एकच, ५५७.७ नॅनोमीटर, असते. फिल्टरचे दोन्ही पृष्ठभाग सपाट आणि समांतर असल्यामुळे काही प्रकाश त्यांच्यामध्ये परावर्तित होऊन मग आत जातो, सरळ आलेल्या प्रकाशाला मिळतो आणि दोघांचे व्यतिकरण होऊन वर्तुळे तयार होतात. पांढऱ्या प्रकाशात अनेक तरंगलांबींची वर्तुळे एकमेकांवर पडून विरून जातात, म्हणून हाच फिल्टर दिवसा, किंवा नुसत्या ताऱ्यांच्या छायाचित्रात, काहीही त्रास देत नाही. महागडा फिल्टर घेतल्यानेही हे टळेल असे समजू नका. सपाट काच म्हटली की धोका आला. १४ मिमी लेन्सची पुढची काच फुगीर असल्यामुळे तिच्यावर फिरकीचा फिल्टर बसतच नाही, आणि त्याच रात्री तिने घेतलेली मोजकी छायाचित्रे निर्दोष निघाली, हा त्याचा पुरावाच होता.

फिल्टर काढतानाही वेळ गेला, कारण थंडीत त्याची कडी घट्ट आवळली गेली होती. कडीभोवती रुंद रबर बँड गुंडाळून, दोन्ही तळव्यांनी हलका दाब देऊन फिरवल्यावर ती सुटली. जोर लावून चिमटीत धरली तर कडी किंचित लंबगोल होते आणि आणखी अडकते. दहिवराची भीती असेल तर लेन्सभोवती बांधायचा तापपट्टा घ्या आणि त्यासाठी पॉवर बँक आतल्या खिशात ठेवा. तो पट्टा दहिवर होऊच देत नाही. फिल्टरने फक्त ते लेन्सऐवजी फिल्टरवर जमते.

आता लेन्सच्या निवडीविषयी. बहुतेक ठिकाणी ‘जितकी रुंद तितकी चांगली’ असा सल्ला मिळतो. माझ्या अनुभवाने तो अपुरा आहे. १४ मिमी लेन्स फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर आडवे सुमारे १०४ अंश पाहते, २० मिमी ८४ अंश आणि २४ मिमी ७४ अंश. रुंदी कमी झाल्याने जे गमवावे लागते त्यापेक्षा ॲपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र) मोठे झाल्याने जे मिळते ते कितीतरी अधिक आहे. एफ/२.८ वरून एफ/१.४ वर गेले की सेन्सरवर चौपट प्रकाश पडतो, म्हणजे ज्या आयएसओला (सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या आकड्याला) १४ मिमी लेन्सला आठ सेकंद लागतात तिथे २४ मिमीला दोन पुरतात. आठ सेकंदांत पडद्याच्या सगळ्या चुण्या एकमेकांत मिसळून हिरवा लगदा होतो. दोन सेकंदांत चुणी चुणी वेगळी राहते आणि ती गुलाबी किनारही टिकते. ताऱ्यांच्या रेघा टाळण्यासाठी ५०० ला फोकल लांबीने भागण्याचा जो नियम सांगितला जातो, तो इथे जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण तारे सरकण्याच्या कितीतरी आधी प्रकाश हललेला असतो. उलट एका सेकंदाच्या फार खाली जाण्याचीही गरज नाही: उत्तेजित झालेला ऑक्सिजनचा अणू हिरवा प्रकाश सोडायला सरासरी पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ घेतो, त्यामुळे हिरवा रंग मुळातच त्याहून तीक्ष्ण नसतो.

मोठ्या ॲपर्चरची किंमतही मोजावी लागते. एफ/१.४ वर पूर्ण उघडी ठेवल्यास त्या लेन्सच्या कोपऱ्यांतले तारे पंख पसरलेल्या पाखरांसारखे दिसत होते. हा कोमा दोष आहे आणि एफ/१.८ किंवा एफ/२ वर तो बराच कमी झाला. दुसरे म्हणजे, अनंतावर फोकस केल्यावर २४ मिमी एफ/१.४ मध्ये साधारण १४ मीटरच्या अलीकडचे सगळे धूसर होते, तर १४ मिमी एफ/२.८ मध्ये अडीच मीटरपासून पुढचे स्पष्ट येते. समोर झोपडी, होडी किंवा झाड घ्यायचे असेल तर ही दोन अंतरे लक्षात ठेवा आणि त्यानुसार मागे सरका. एकच लेन्स न्यायची असेल तर २० मिमी एफ/१.८ न्या, दोन नेता येत असतील तर तिच्या जोडीला १४ मिमी, आणि तीही केवळ कोरोनासाठी. कॅमेऱ्यासोबत मिळणारी एफ/३.५-५.६ ची झूम पिशवीतच राहू द्या. एफ/२.८ ची जड, महाग झूम या कामासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फोकसच्या बाबतीत लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा ठळक तारा दहापट मोठा करून तो लहानात लहान टिंब होईपर्यंत कडी फिरवा, आणि हे गाडीतून उतरल्या उतरल्या करू नका, कारण गाडीतल्या उबेतून उणे २२ अंशांत आलेली लेन्स आकुंचन पावत असते. मी लगेच केलेला फोकस अर्ध्या तासाने सरकलेला होता. कडीवर लावायच्या चिकटपट्टीचे तुकडे आतल्या खिशात ठेवा, नाहीतर थंडीने त्या चिकटतच नाहीत. ट्रायपॉडवर असताना लेन्सची स्थिरीकरण यंत्रणा बंद करा, व्हाइट बॅलन्स ३५०० ते ४००० केल्व्हिनच्या दरम्यान ठेवा, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात घ्या आणि पडद्यावरच्या चित्रावर विसंबून न राहता हिस्टोग्राम (छायाचित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख) पाहा, कारण अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना काळपट छायाचित्रही उजळ वाटते. आणि एखादे छायाचित्र तिथल्या तिथे मोठे करून मध्यभाग पाहा. मी हे केले असते तर दहाव्या छायाचित्राला वर्तुळे सापडली असती.

शीबोत्नहून फिनलंडमधल्या किल्पिसयार्वीकडे जाणारा ई८ रस्ता सुमारे ५० किलोमीटरचा आहे, पण तो सहज घेऊ नका. समुद्रसपाटीपासून तो डोंगरात चढतो, मासे घेऊन जाणारे अवजड ट्रक समोरून येतात आणि त्यांनी उडवलेल्या बर्फाच्या भुकटीत काही क्षण पुढचे काहीच दिसत नाही. खिळ्यांचे टायर असलेली गाडीच घ्या. परावर्तक जाकीट हाताशी ठेवा. आणि आकाश कितीही पेटले तरी रस्त्याच्या कडेला थांबू नका. माझ्या भावाने हे शेवटपर्यंत पाळले, मी मात्र दोनदा थांबण्याचा हट्ट केला आणि त्याने तो मानला नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. फिनलंडमध्ये घड्याळ एक तास पुढे असते, हेही विसरू नका.

किल्पिसयार्वीतले दिवस निवांत गेले. रात्री गोठलेल्या सरोवरावर, स्नोमोबाइलने दाबून घट्ट झालेल्या वाटेवर ट्रायपॉड लावला, कारण मोकळ्या हिमात त्याचे पाय हळूहळू खचतात. समोर १,०२९ मीटर उंचीचा साना डोंगर होता. फिल्टर नसलेल्या २४ मिमी लेन्सने, एफ/१.८ वर, तीन सेकंदांत घेतलेले पहिलेच छायाचित्र मोठे केले, मध्यभाग तपासला, आणि तिथे हिरव्या पडद्यामागे निवळ तारे होते. त्या आनंदात दोन बॅटऱ्या कधी संपल्या ते कळले नाही. अंगाजवळ ठेवलेली तिसरी होती म्हणून काम निभावले. परतताना कॅमेरा बाहेरच पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा आणि खोलीत दोन-तीन तास उघडू नका, नाहीतर बाष्प थेट लेन्सच्या आत जमते. कार्ड मात्र आधीच काढून घ्या.

शेवटच्या दिवशी लेन्स परत करताना मी लॅपटॉप उघडून ती वर्तुळे दुकानात दाखवली. विकलेला फिल्टर परत घेतला जात नाही, एवढेच उत्तर मिळाले. माझ्यामागे उभे असलेले एक गृहस्थ तीच लेन्स न्यायला आले होते आणि त्यांच्यापुढेही फिल्टरची डबी ठेवली गेली, तेव्हा मी पडदा त्यांच्याकडे वळवून मध्यभाग मोठा करून दाखवला. त्यांनी लेन्स घेतली, फिल्टरचे पैसेही भरले, आणि दारातच तो फिरवून काढून खिशात ठेवला.