समुद्र दारात असूनही आयरिश माणसं देश सोडून का गेली?

आयर्लंडच्या दुष्काळाचं वाचता वाचता भाचीने विचारलं, "मामा, चारी बाजूंनी समुद्र होता ना? मग मासे धरून का नाही जगले?" हर्णैच्या पोरीला हा प्रश्न पडणारच.

तिकडच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकडी सांगाड्यावर कातडं नाहीतर डांबर लावलेलं कापड ताणलेल्या हलक्या होड्या असत. खवळलेल्या अटलांटिकमध्ये त्या खोल पाण्यात न्यायची सोय नव्हती. आपणही पावसात होड्या शाकारून ठेवतो, पण तेव्हा घरात सुके बांगडे असतात, कणगीत भात असतो. गॉलवेजवळच्या क्लाडा गावच्या कोळ्यांनी तर पिठासाठी जाळी गहाण टाकली. जाळंच गेल्यावर समुद्राचं करायचं काय? हे वाचलं आणि मला पुढे वाचवेना.

बटाट्यावर करपा आला १८४५ मध्ये. १८४६ मध्ये जवळजवळ सगळं पीक कुजलं. पण माणसं जहाजावर चढली ती जमिनीपायी, असं माझं मत आहे. शेतात ओट पिकत होता, लोणी निघत होतं, डुकरं होती. ते सगळं जमीनदाराच्या खंडात जायचं आणि कुळाने खायचा तो बटाटा. आमचं घर खोतीतलं. भाताचा अर्धेल, म्हणजे अर्धा वाटा, खोताला भरायचा आणि नाचणीवर वर्ष काढायचं, हे आजोबांकडून ऐकलेलं असल्याने मला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

त्यात १८४७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कलम घातलं: पाव एकराहून जास्त जमीन असेल त्याला सरकारी मदत नाही. पाव एकर म्हणजे दहा गुंठे! घर, विहीर, गोठा आणि परसातले माड यांतच आपल्याकडे दहा गुंठे संपतात. पोरांच्या तोंडात घास हवा असेल तर जमीन सोडा, असा तो हिशोब. वर लहान कुळांची गरीबपट्टी, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठीचा कर, जमीनदाराच्या अंगावर पडे, म्हणून त्यालाही कुळं नकोशी झाली. छपरं पाडून माणसं बाहेर काढली. स्ट्रोक्सटाउनच्या डेनिस माहोन या जमीनदाराने त्याच वर्षी भाडं स्वतः भरून हजारावर माणसं कॅनडाला धाडली. पोसण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं.

कॅनडाहून लाकूड आणणारी जहाजं जाताना रिकामी जात, म्हणून तिकडचं भाडं कमी. त्या लाकडाच्या जागेत माणसं कोंबली आणि टायफस हा जीवघेणा ताप पसरला. क्वेबेकजवळच्या ग्रोस ईल बेटावर त्या एका वर्षात पाच हजारांहून अधिक जणांना पुरलं.

एकूण दहा लाखांच्या आसपास मेले, त्याहून जास्त देश सोडून गेले. अगदी कंगाल होते त्यांना तर जाताही आलं नाही. विकायला गाय होती, ते गेले. आधी एखादी तरणी मुलगी जाई, न्यूयॉर्कात घरकाम करून पाठच्या भावंडाचं तिकीट पाठवी. आमचे चाकरमानी गिरणीत लागले की असेच धाकट्याला खोलीवर न्यायचे. पण चाकरमानी गणपतीला घरी येतो. आयर्लंडात मात्र जाणाऱ्याच्या आदल्या रात्री घरी मयत असल्यासारखी रात्र जागवत.

दुष्काळ सरला तरी जाणं थांबलं नाही, कारण जमीन जमीनदाराचीच राहिली. आमची खोती १९४९ च्या कायद्याने गेली. तिकडे कुळांना जमीन विकत घ्यायला सरकारने मोठ्या प्रमाणावर कर्ज दिलं ते १९०३ च्या कायद्याने. तोवर गेलेल्यांची नातवंडं अमेरिकेत मोठी झाली होती.