आमची वाटचाल : खाऱ्या वाऱ्यात टिकणारा डबा

रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये शिरलं की दाराशीच पाण्याची एक निळी टाकी दिसते. फायबर केबलचे दोन तुकडे जिथे जोडतात तिथे बसणारा हवाबंद डबा आम्ही बनवतो. लाइनवरची मुलं त्याला नुसतं 'जॉइंट' म्हणतात. प्रत्येक डब्यात हवा भरायची, तो टाकीत बुडवायचा आणि पंधरा मिनिटं नजर न हलवता बघत बसायचं. एक बुडबुडा वर आला तरी डबा परत. तीस वर्षांत आमचा माल बदलला, गिऱ्हाईक बदललं, तीन वेळा आम्ही दुसऱ्यांचे कारखाने विकत घेतले. त्यातला मधला व्यवहार साफ फसला. आज धंदा वाढवायला निघालेल्या आपल्याकडच्या पोरांसाठी तोही लिहून ठेवतो.

वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते. मी १९९४ मध्ये घराच्या पडवीत काम सुरू केलं, तेव्हा गावोगाव सी-डॉट या सरकारी संस्थेची १२८ लाइनची टेलिफोन एक्स्चेंज बसत होती. आपल्याच देशातल्या इंजिनिअरांनी केलेलं हे यंत्र एसीशिवाय, ग्रामपंचायतीच्या एखाद्या खोलीत चालायचं. पण वळवाची पहिली वीज कडाडली की त्यातली कार्डं जळायची. कारण आमच्या पायाखालीच होतं. तांब्याच्या तारा जांभ्याच्या खडकाळ सड्यावरून कोसच्या कोस जायच्या आणि जांभ्यात अर्थिंग धड लागत नाही. त्यातून वळीव येतो मे महिन्यात, जमीन सर्वांत कोरडी असते तेव्हाच. मग आम्ही विजेचा झटका जमिनीकडे वळवणारी गॅस डिस्चार्ज ट्यूब घातलेली छोटी संरक्षक पेटी बनवली. बरोबर अर्थिंगचा खड्डाही आम्हीच करून द्यायचो, मीठ-कोळसा भरून, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालायला माणूस पाठवायचो. आमची पेटी त्या पाण्यामुळे चालली, हे मी आजही सांगतो.

पुढे मोबाइल आला. लोकांनी लँडलाइन काढून टाकल्या, एसटीडी बूथ बंद पडले. तांब्याच्या जागी फायबर आलं आणि काचेच्या धाग्यातून वीज काही येत नाही. आमचा निम्मा धंदा तिथेच संपला.

फायबरला आमची गरज लागली ती वेगळ्याच कारणाने. घाटावरून आलेले डबे किनाऱ्यावर दोन पावसाळे काढत नव्हते. ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू चहा सांडल्यासारखे तांबूस व्हायचे, मग खायला लागायचे, झाकणाखालची रबराची पट्टी, म्हणजे गॅस्केट, कडक व्हायची, आणि एवढीशी फट पडली की आत मुंग्या. एकदा जयगडच्या बाजूला मी डबा उघडला तर आतल्या ट्रेवर मुंग्यांनी मातीच भरून ठेवली होती. आम्ही स्क्रू ३१६ चे केले. त्यात मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत ते टिकतं. गॅस्केट सिलिकॉनची केली. स्क्रूमागे चार पैसे जास्त गेले, पण वर्षभरात तक्रारी थांबल्या.

डबा आमचा, पण त्याचा साचा आणि प्लॅस्टिक ओतायचं मशीन कुडाळच्या एका कारखान्याचं. आमचं काम त्यांच्या सवडीने व्हायचं. मालक सत्तरीचे, दोन्ही मुलगे मुंबईत नोकरीला. कोकणात हे घरोघरी आहे. २००९ च्या गणपतीत त्यांच्याकडे दर्शनाला गेलो, तेव्हा त्यांनीच कारखाना विकायचा विषय काढला. बँक मशीनवर कर्ज देते, माणसाने कमावलेल्या नावावर देत नाही, म्हणून उरलेली रक्कम पाच वर्षांच्या हप्त्यांनी द्यायचं ठरलं. सही करताना ते एवढंच म्हणाले, "मशिनी विकलंस तरी चलात, पण पोरांका काढू नको हां." अकरा जण होते. त्यातला एकही आम्ही काढला नाही, आणि खरं सांगायचं तर आम्ही विकत घेतलं ते त्या अकरांनाच. साच्याचं तोंड किती गरम हवं, पाऊसपाण्याच्या दिवसांत प्लॅस्टिक आधी किती वेळ सुकवायचं, हे कुठल्या कागदावर नव्हतं. त्यांच्या हातात होतं. मालक पुढे तीन वर्षं रोज सकाळी चालत येऊन तासभर मशीनजवळ बसायचे.

त्या यशाने आम्हाला धीर आला आणि २०१६ मध्ये चूक झाली. जिओ आलं होतं, फायबरची मागणी धो धो होती. सरकारी निविदा भरायच्या तर मागच्या वर्षांची उलाढाल आणि केलेल्या पुरवठ्याचे दाखले लागतात. आमच्याकडे ते पुरेसे नव्हते. पुण्याच्या बाजूचा एक कारखाना विकायला होता, त्याच्याकडे फाइल भरून दाखले होते. आम्ही मशिनं, माल आणि जागेचा करार घेतला. कंपनी घेतली नाही, कारण तिची जुनी देणी अंगावर नकोत, असा आमचा विचार. झालं नेमकं उलटं. दाखले त्या कंपनीच्या नावाचे, ते तिच्याकडेच राहिले. पहिल्याच निविदेत आम्ही बाद झालो. आणि देणी मात्र आली, कारण भविष्य निर्वाह निधीच्या तेव्हाच्या कायद्यात कलम १७ब होतं: कारखाना हस्तांतरित झाला तर आधीच्या मालकाच्या थकबाकीला नवा मालकही बांधील, घेतलेल्या मालमत्तेच्या किमतीपर्यंत. निधीत पैसे भरल्याची चलनं आम्ही तपासलीच नव्हती. वर्षभरात तिथला मुख्य तंत्रज्ञ दुसरीकडे गेला, त्याच्यामागे गिऱ्हाईकं गेली. २०१९ मध्ये मशिनं विकून आम्ही परत आलो. त्या काळात माझ्या बायकोने घराचे आणि कारखान्याचे हिशोब एका वहीत लिहिले. कामगारांचा पगार एकाही महिन्यात चुकला नाही, तो तिच्यामुळे.

मग ३ जून २०२०. निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आलं, दापोली-मंडणगडात माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. विजेचे खांब पडले, गावं कित्येक दिवस अंधारात होती. आमचे जॉइंट शाबूत होते, तरी फोन बंद. टॉवरची आणि एक्स्चेंजची बॅटरी काही तास चालते, पुढे डिझेल पोचवायला रस्ता हवा. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याने घासत गेलं आणि २२ जुलैला चिपळूण बुडालं. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखलातून काढलेला एक डबा शेडमध्ये आणून उघडला. आत कापसासारखं कोरडं होतं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला मात्र रडू येत होतं, कारण त्या केबलच्या टोकाला बसलेलं वीजपुरवठ्याचं कपाट पाण्यात गेलं होतं आणि गावातल्या माणसाला आपल्या घरच्यांशी बोलता आलं नव्हतं. डबा टिकून काय उपयोग?

टेलिकॉमला लागणारी ४८ व्होल्टची वीज देणारं, उंचावर बसणारं, खाऱ्या हवेत न गंजणारं कपाट आम्हाला बनवता येत नव्हतं. शिकायला पाच वर्षं लागली असती. मोठ्या कंपन्याही अशा वेळी हेच करतात. टेलिकॉमची यंत्रं बनवणाऱ्या बंगळूरच्या तेजस नेटवर्क्सने २०२२ मध्ये सांख्य लॅब्ज आपल्याकडे घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिथेही घेण्यासारखी गोष्ट म्हणजे चिप आणि रेडिओ बनवता येणारी माणसं होती, असं मला वाटतं. आमची गोष्ट त्यापुढे मोहरीएवढी, पण नियम तोच.

मंगळूरजवळ बैकंपाडीला असा एक छोटा कारखाना होता. या वेळी घाई केली नाही. आधी सहा महिने त्यांच्याकडून माल घेतला. भविष्य निधीची चलनं, जीएसटीची विवरणं, एकेका गिऱ्हाईकाची येणी, सगळं आमच्या सीएंनी पाहिलं. कंपनीच घेतली, शेअर्ससकट, म्हणजे दाखले आणि मंजुऱ्या तिच्याच नावाने चालू राहिल्या. नाव बदललं नाही. जुने मालक दोन वर्षं थांबतील, हे करारात लिहून घेतलं. मी महिन्यातून दोनदा रात्रीच्या मत्स्यगंधा एक्स्प्रेसने जायचो. पहाटे खिडकीतून बाहेर बघताना कळायचं की माड तेच, जांभा तोच, वाराही तोच. नव्या राज्याचा बाजार म्हणून मी धास्तावलो होतो, पण कारवार, उडुपी, पुढे केरळचा किनारा, सगळीकडे गिऱ्हाइकाची तक्रार एकच होती: स्क्रू गंजतात. ती ऐकून घ्यायला आम्हाला भाषांतर लागलं नाही.

आता त्यांची कपाटं रत्नागिरी-रायगडात बसतात आणि आमचे जॉइंट तिकडे जातात. येणी वेळेवर येत नाहीत, ही काळजी दोन्हीकडे आहे. लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा कायदा आहे, पण मोठ्या ठेकेदाराला नोटीस पाठवली की पुढची ऑर्डर जाते, म्हणून आम्ही अजून फोनच करतो.

मागच्या महिन्यात कुडाळची आमची एक मुलगी मंगळूरला फायबर जोडणी शिकवायला गेली. तिची मालवणी, तिथल्या बायकांची कोंकणी. मी दारात उभा होतो. तिने केसाएवढ्या धाग्यावरचं आवरण सोललं, स्पिरिटने एकदाच पुसला, कापून जोडणीच्या मशीनमध्ये ठेवला. जोडावर वाया जाणारा प्रकाश, म्हणजे नुकसान, पडद्यावर आलं ०.०२ डेसिबल, जितकं कमी तितकं बरं. शेजारच्या बाईने करून पाहिलं, आलं ०.११. "परत कर," आमची मुलगी म्हणाली, "पुसल्यार बोट लावू नको." बाईने मान हलवली, नवा धागा घेतला आणि परत सोलायला बसली.