आमची वाटचाल : छापखान्यातून साप्ताहिकाकडे

आमची सुरुवात छापखान्यापासून. पावत्या, बिलबुकं, हँडबिलं यांवर धंदा चालायचा. रात्री मशीन मोकळं असायचं, म्हणून चार पानी साप्ताहिक काढलं आणि हळूहळू तेच आमचं मुख्य काम झालं.

पालिकेच्या छपाईची कामं आम्ही पहिल्याच वर्षी सोडली. पैसे बरे होते. पण ज्या अधिकाऱ्याच्या सहीने आपलं बिल निघतं, त्याच्याविरुद्ध बातमी लावताना हात अडखळतोच.

पुढे कागद महागला, तेव्हा एक ठेकेदार भागीदारीचा प्रस्ताव घेऊन आला. निम्मं भांडवल घालणार होता, बातम्यांत लक्ष घालणार नाही असं लिहून द्यायलाही राजी होता. त्याच्या मनात खोट होती असं मला वाटत नाही. पण त्याच आठवड्यात आमच्या बातमीदाराकडे एका रस्त्याच्या मोजमाप पुस्तकाची, म्हणजे झालेलं काम मोजून ज्यात नोंदवतात आणि ज्यावरून बिल निघतं त्या वहीची, प्रत आली होती. बिल डांबराच्या दोन थरांचं, कडेला खणून पाहिलं तर थर एकच. रस्ता या ठेकेदाराचा नव्हताच. तरी बातमीदाराने विचारलं, "साहेब, ही आता थांबवायची का?"

त्याला कोणी एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं. मालकाचा फोन क्वचितच येतो. त्याची बिलं कुठल्या कचेरीत अडकलीत हे सगळ्यांना ठाऊक असतं, तेवढं पुरतं. आम्ही भागीदारी नाकारली आणि बातमी पहिल्या पानावर घेतली.

मोठे पेपरही यातून सुटत नाहीत. २०१५ मध्ये अमेरिकेतला 'लास वेगास रिव्ह्यू-जर्नल' विकला गेला, तेव्हा नवा मालक कोण हे तिथल्या बातमीदारांनाही सांगितलं नव्हतं. त्यांनीच शोधून छापलं : कॅसिनोसम्राट शेल्डन ॲडेलसन यांचं कुटुंब. विक्रीच्या आधी तिथल्या तीन बातमीदारांना तीन न्यायाधीशांच्या कामकाजावर नजर ठेवायला बसवलं होतं. त्यांतल्या एका न्यायाधीशांपुढे ॲडेलसन यांच्या कंपनीचा खटला चालू होता. हा पेपर तिथल्या पत्रकारांमुळे माझ्या मनातून उतरला नाही, हेही सांगायला हवं.

भांडवल आम्ही शेवटी कर्मचारी आणि वर्गणीदारांकडून उभं केलं. कोणाचाही हिस्सा दहाव्या भागापेक्षा जास्त नाही, आणि पालिकेचा ठेका असलेल्याला हिस्सा मिळत नाही. रस्त्याच्या बातमीनंतर पालिकेच्या जाहीर नोटिसा बराच काळ बंद होत्या. तो काळ वर्गणीवर निघाला.

आता पालिकेच्या सर्वसाधारण सभेला आमचे दोघं बसतात. एक भाषणं टिपतो, दुसरा विषयपत्रिकेतल्या रकमा मागच्या वर्षीच्या रकमांशी ताडून पाहतो.