कोणी?

आज जपानीच्या तासाला वहीवर लाल पेन फिरलं. मी लिहिलं होतं, ‘लग्नानंतर माझ्यावर नोकरी सोडण्याची बळजबरी झाली.’ त्यासाठी वापरला होता ‘क्योयो’. एन वनच्या, म्हणजे जपानीच्या सगळ्यात वरच्या परीक्षेच्या यादीतला शब्द, पार कोर्टकचेरीतला. जपानी दंडसंहितेचं कलम २२३ त्याचंच आहे: धाकदपटशा करून किंवा हात उचलून कुणाला नको ते करायला लावलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद. सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षकांनी, मान तिरकी करून एवढंच विचारलं, “दारे नि?” म्हणजे, कोणी?

मला काही सांगताच येईना. आईंनी? त्या तर माझा डबा भरून द्यायच्या. ह्याने? ह्याला कंपनीकडून इथे जपानला ऑनसाइट मिळालं तेव्हा हा म्हणाला होता, “तू ठरव.” आणि लगेच बॅगांचं वजन करायला बसला.

सेन्सेईंनी क्योयो खोडून वर लिहिलं, ‘योगि नाकु सारेता’. योगि म्हणजे दुसरा मार्ग, आणि नाकु म्हणजे तो नाही. (आमच्याकडे योगी कोणी नाही, हे तरी पटलं.) इथल्या पेपरात सारखं दिसतं हे. २०११च्या भूकंपानंतर लोकांना घरं सोडावी लागली, पावसामुळे सामना रद्द करावा लागला. लावणारा कोणी नसतोच, सगळं परिस्थितीवर. म्हणजे मी पावसाने रद्द झालेला सामना!

व्याकरण बरोबरच असणार. पण इतकी वर्षं मनात खटला चालवतेय, आणि आज बघते तर आरोपीच्या रकान्यात नावच नाही. धमकी नाही, आरडाओरडा नाही. नुसतंच ‘बघ बाई तुझं तू’. त्याला कुठलं कलम लावायचं? दादा तेव्हा फोनवर जे बोलला होता ते... जाऊ दे.

भांडी आवरून परत वही काढली. क्योयोतलं पहिलं अक्षर बघत बसले. डावीकडे धनुष्य, उजवीकडे खाली किडा. आणि हेच अक्षर ‘बेन्क्यो’तही! बेन्क्यो म्हणजे अभ्यास. चिनी लोक तर हाच शब्द आजही ‘मन मारून, ओढूनताणून’ अशा अर्थाने वापरतात. रात्री अकरा वाजता एकटीच हसले. डिसेंबरच्या परीक्षेचा फॉर्म माझा मीच भरलाय, तोही शिकवणीच्या पैशातून. इथे विचारा की दारे नि!

सेन्सेईंचं वाक्य जसंच्या तसं पक्क्या वहीत उतरवलं. समासात मात्र बारीक अक्षरात मराठीत लिहिलं, ‘तू ठरव म्हणणाऱ्याने’. त्यांना मराठी येत नाही. ह्याला येतं, पण हा माझ्या वह्या कशाला उघडतोय.